एका गोलात किती कवळ

फोनवर गेथिन विचारतो,
"तुझे लहान गठ्ठे किती भरतील गं
माझ्या एका गोलात?"
मी म्हणते, बारा. नीट दाबलेला असेल तर चौदासुद्धा.
तो म्हणतो, दहा.
दर ऑगस्टला हा हिशेब होतो
आणि दर ऑगस्टला दोन गठ्ठे हवेतच राहतात.

लहान गठ्ठा म्हणजे लांबी तीन फूट,
रुंदी दीड, उंची गुडघ्याच्या जरा खाली.
वजन वीस किलो,
पाऊस चाटून गेला असेल तर पंचवीस.
दोन सुतळ्या.
त्या कापल्या की वड्या सुटाव्यात तसा सुटतो:
मेंढीला अर्धी वडी, गाभण असेल तर एक,
आणि शहरातल्या मुलींच्या तट्टांना
त्यांच्या मुली देतील तेवढ्या.

इद्वाल तो मांडीवर घ्यायचा
आणि गुडघ्याच्या एका हिसक्यानं माळ्यावर उडवायचा.
बोटांवर सुतळीचे वळ असायचे त्याच्या,
ख्रिसमसपर्यंत न जाणारे.
डॉक्टरांनी पाठीचा फोटो उजेडात धरला
तेव्हा म्हणाला,
"रचलेत तर नीट, एकावर एक.
खालचा तेवढा भिजलाय."

त्या वर्षी आम्ही गोलांवर गेलो.
चार फूट व्यास, अडीचशे किलो, अंगावर जाळी.
(आठ फुटी चौकोनी सपाट मुलखातले.
त्यांची लॉरी आमच्या गल्लीच्या वळणावर अडते
आणि ड्रायव्हर इंग्रजीत शिव्या देतो.)
काळ्या प्लास्टिकमधले आंबवलेले वेगळे,
ते तर सहाशे किलोचे;
फाडले की लोणच्याची बरणी उघडल्यासारखा वास.
यातलं काहीच माणसानं उचलायचं नसतं.
इद्वाल नुसता ट्रॅक्टरवर बसून राहायचा,
हात मांडीवर, रिकामे.

गोल पावसात बरा, पाणी ओघळून जातं.
पण गोलाला उतार कळतो.
म्हणून टेकडीवर तो ठेवायचा
चपटं तोंड दरीकडे करून.
हे इद्वालला माहीत होतं, मला माहीत आहे,
गेथिनकडच्या नव्या पोराला नव्हतं.

निघाला तेव्हा अगदी हळू निघाला,
अजून ठरलं नसल्यासारखा.
मग कुंपण. मग रस्ता.
पोस्टाची गाडी वीतभर अंतरानं वाचली.
आणि चॅपलच्या दाराला असा टेकून बसला
की बाहेर उघडणारं दार उघडेचना.

दुसऱ्या दिवशी रविवार.
इद्वालला जाऊन वर्ष झालं, त्याची प्रार्थना.
पाद्रीबाई मागच्या खिडकीतून आत गेल्या,
आधी पुस्तक, मग त्या.
आम्ही बाकीचे बाहेर उभे.
चिखलात ट्रॅक्टर येईना.
तेव्हा ब्लोदवेननं चाकूनं जाळी कापली
आणि आपल्या सशांसाठी कवळभर ओढून घेतलं.

मग गाढववाला हिवेल आला,
मग सुतारीण, तिच्याकडे जनावर नाही, तरी,
मग काळ्या कोटातली माझी नणंद.
ज्यानं त्यानं आपापल्या कवेत मावेल तेवढं,
सुरळी उलगडत, कॉलरमध्ये कुसळं.
हिवेलची नात पायरीवर बसून मोजत होती:
मोठ्या माणसाची एक, लहानाची अर्धी.
तीनशे अकराला तिला जेवायला हाक आली.

दार उघडलं तेव्हा आत
पाद्रीबाई एकट्याच, कोरड्या, जरा रागावलेल्या.

रात्री मी गेथिनला आकडा कळवला.
"तीनशे अकरा काय?"
"कवळ. आणि वर थोडं."
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "ते लहान गठ्ठ्यांत सांग."

मधला गाभा कोणी नेला नाही.
बशीएवढा, बुरसलेला, हात लावला तर ऊन.
पायरीवर आहे अजून.
चॅपलची मांजर त्यावर मावते,
शेपूट सोडून.