तुम्हाला खात्री आहे का?

माझं काम काय, असं विचाराल तर
माणसांच्या पाठीमागे बसून गप्प राहायचं.
त्याचे मला तासावर पैसे मिळत.

ट्रॉनहाइमला, कालव्याकाठच्या जुन्या गोदामात
आमची पहिली खोली. एक संगणक, एक काच,
तिकडून आरसा, इकडून खिडकी.
खिडकीच्या बाजूला मी, हातात स्टॉपवॉच,
आणि कॉफी, जी एक्क्याण्णव सालापासून गारच आहे.

बोट उचललेलं, अजून न टेकलेलं:
तेवढ्या अंतरावर माझं घर चाललं.
मुलाचे स्केट्स, गळकं छप्पर, घटस्फोटाचा वकील.
तीन सेकंद म्हणजे शंका.
सात म्हणजे भीती.
बाराव्याला माणूस कसनुसं हसतो आणि म्हणतो,
माफ करा, माझंच चुकलं.

सगळेच म्हणतात.
बँकेतला रोखपाल, बोटीचं तिकीट काढणारी शाळकरी पोर,
आणि गुन्वोर, अतिदक्षता विभाग, बावीस वर्षं नोकरी,
जिला औषधाच्या पंपावरचं दशांशचिन्ह दिसलं नाही,
कारण ते राखाडीवर राखाडी होतं.
खरा रोगी नव्हता. उशी होती, उशीला नाव दिलं होतं.
तरी ती रडली.
मी बोलायचं नसतं, मानही हलवायची नसते.
लिहून घेतलं: वापरकर्ती क्रमांक चार, अडखळली.
रात्री हॉटेलात ते खोडलं
आणि लिहिलं: पडदा अडखळवतो.
कर्ता बदलायचा, एवढंच माझं व्याकरण.

अहवाल त्रेचाळीस पानी. वाचलं जातं पहिलं पान.
बैठकीत एखादा हॉकन, बूट पांढरेशुभ्र,
म्हणतो, शिकतील की लोक हळूहळू.
शिकतात. बुटात खडा असला तर
लोक चाल बदलतात.
म्हणून काय खडे विकायचे?
हे मी बोलले नाही.
म्हटलं, दुसरं पान बघू या.

कधी एखादं बटण दोन बोटं उजवीकडे सरकलं,
कधी ‘अवैध’ जाऊन ‘तारीख राहिली’ आलं.
तीस वर्षांत, चूकभूल देणे घेणे,
जग हातभर सरकवलं असेन.

मग वार्डो. फेब्रुवारी,
दुपारी दोनलाच दिवसाने आवरतं घेतलेलं.
मासळीच्या नोंदी आता फोनवर करायच्या होत्या,
म्हणून बंदरावरच्या कॅन्टीनमध्ये एलिफ येऊन बसला.
वय एकाहत्तर, उजव्या अंगठ्याचं टोक
गळाच्या दोरीने कधीच नेलेलं.
कॉड, किलो, ठिकाण, सगळं बिनचूक भरलं त्याने.
शेवटी पडद्याने विचारलं,
तुम्हाला खात्री आहे का?

आणि तो थांबला.
बारा सेकंद झाले. हसला नाही. माफी नाही.
चाळीस. दोन मिनिटं.
स्टॉपवॉच मी टेबलाखालीच बंद केलं.
खिडकीबाहेर कुणीतरी धक्क्यावरचा बर्फ खरवडत होतं,
खरड, खरड, आणि मध्येच दम खायला थांबणं.
अखेर नियम मोडला मीच: काय झालं?

विचार करतोय, म्हणाला. विचारलंय ना त्याने.
मी तीनशे किलो सांगितलं खरं,
पण दोन पेट्या अंधारात भरल्या.

अहवालात शिफारस केली: प्रश्न काढून टाका.
पहिल्यांदाच माझं सगळं ऐकलं गेलं.
प्रत्येक नोंदीमागे चार सेकंद वाचले.

यंदा, काम सोडल्यावर, गेले पुन्हा तिकडे,
कुणाच्याही खर्चाने नाही.
झकास चाललंय तुझं यंत्र, एलिफ म्हणाला.
म्हणजे ते सुन्निव बघते, माझी नात.
आणि कोटाच्या खिशातून वही काढली,
माशाचा वास, पेन्सिलीच्या रेघा:
तारीख, मासळी, वजन, वारा,
आणि कडेला एक रकाना, वर काहीच न लिहिलेला.
त्यात कुठे कुठे ‘हो’.
एकदा ‘नाही’, दोनदा गिरवून.
आणि बहुतेक ठिकाणी
बहुतेक.