उंदरांनी खाल्लेला नकाशा

डार्का, ते लाल बघू नकोस.
चार माणसांचं, चाकं पोटात घेणारं,
तासाला दीडशे मैल. पण तुला जायचंय कुठं?
लायसन्सवरची शाई अजून बोटाला लागते.
आणि चाकं पोटात घेणारी विमानं
एखाद्या दिवशी चाकं काढायला विसरतात.
म्हणजे विमानं नव्हेत. आपण.

असं म्हणत तिला वेबर्नच्या रस्त्याला घेऊन आलो,
हॅवरिल्युकच्या शेतात. गव्हाच्या कोठाराला टेकून शेड,
दार ओलीनं फुगलेलं,
दोघांनी खांदा लावला तेव्हा हललं.

हे बघ. दोन जागा, शेजारी शेजारी.
शेपटीला चाक, म्हणून जमिनीवर नाठाळ:
उतरताना तुझे पाय जरा सुस्तावले
की खोंडासारखं गर्रकन तोंड फिरवेल.
हवेत मात्र गरीब.
हे चाकं पोटात घेत नाही,
चुका घालतं.

रंगाला भुलायचं नाही. मी पंखभर टिचक्या मारत गेलो,
कलिंगड बघावं तसा. कापड ताठ बोललं.
सिलिंडर चार, तीन दमदार,
एक उसासे टाकतं; त्याचे पैसे कमी करून घेऊ.
उजव्या पंखात उंदरांचं घरटं निघालं,
कुरतडलेल्या नकाशाचं:
रेजायनापासून अमेरिकेच्या हद्दीपर्यंतचा
सगळा मुलूख मऊ करून अंथरलेला.

नोंदवहीत एकाच हाताची अक्षरं.
तेल बदललं. तेल बदललं.
ओल्हाला तिचं गाव वरून दाखवलं.
तेल बदललं.
मग अक्षर थरथरायला लागतं,
मग नऊ वर्षं कोरी.

शेवटी वजनाचा हिशोब. फळीवर खडूनं मांडून दाखवला:
दोन माणसं आणि काठोकाठ टाकी
याला झेपत नाही, जुलैच्या उन्हात तर नाहीच.
एक माणूस आणि पूर्ण पेट्रोल,
नाहीतर दोन माणसं आणि तासाभराचं.
काय ते ठरव.

डार्का गप्प.
गव्हाचे ट्रक हाकून हाकून
माझ्याहून राकट झालेत तिचे हात.
त्यातल्या एकानं तिनं उजव्या जागेवरची धूळ पुसली.
डावीवर तिला बसायचं होतं, ती तशीच.

"पेट्रोचं वजन किती असेल रे," म्हणाली,
"शेवटी शेवटी?
तुम्ही चौघांनी उचललं होतंत ना."

मी खडू खिशात टाकला.
बाहेर कोठारावर वारा शीळ घालत होता,
पश्चिमेचा, आडवा,
शिकाऊ माणसानं उडू नये असा.

मग तिनं किंमत विचारली.