तीन भोकं

पुस्तकातलं ते चित्र मी चौदा वर्षं शिकवलं.
डबा, तीन भोकं, तीन धारा,
सगळ्यात खालची सगळ्यात लांब.
प्रश्न ठरलेला, उत्तर पाठ,
दोन गुण.

त्या वर्षी हिरकणनं करून पाहिलं.
शाळेच्या ओट्यावर तेलाची रिकामी बाटली,
तापवलेल्या दाभणानं पाडलेली भोकं.
खालची धार निघाली तशी फरशीवर आपटली,
मधली पुढे गेली.
"सर, पुस्तक खोटं बोलस."
वर्ग हसला.
मी डस्टर शोधत राहिलो,
फळा कोराच होता.

शनिवारी एकवीस पोरं, अकरा सायकली,
पांझरेच्या काठाकाठानं वरच्या धरणावर.
लोटनच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेली बाटली,
माझ्या पिशवीत मोजपट्टी, गूळ-शेंगदाणे
आणि थोडी लाज.

भिंत वर दोन माणसं चालतील एवढी,
पायथ्याशी गाड्यांचा बाजार भरेल एवढी.
का, मी विचारलं.
पोरं पाण्याकडे बघत राहिली.
पाटाच्या चाकाशी तंबाखू मळत बसलेले
सुकलाल आबा पाटकरी
मान वर न करता म्हणाले,
"वरनं पानी नुसतं आभाय दखस,
खालनं पानी त्याले डोकावर लिसन
उभं ऱ्हास."
मी खिशातला खडू खिशातच ठेवला.

मग सांडव्याच्या कठड्यावर बाटली,
खाली पुरुषभर मोकळी हवा.
पहिल्यांदा वाऱ्यानं तिन्ही धारा विस्कटल्या.
दुसऱ्यांदा भाईदासचा धक्का लागला.
तिसऱ्यांदा सगळ्यांनी मिळून आडोसा धरला,
हिरकणनं बोळे ओढले
आणि खालची धार
वरच्या दोघींना मागे टाकून
लोटनच्या चपलेवर पडली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
हिरकण दगडांवर खडूच्या खुणा करत होती,
माझाच खडू, कधी घेतला कळलं नाही.
पुस्तक खोटं नव्हतं, अर्धं होतं.
धारेला पडायला जागा लागते
एवढंच छापायचं राहून गेलेलं.

परतताना चढावर ती थांबली.
"सर, धरण जवय रिकामं ऱ्हास,
तवय भिंत काय करस?"

मी सायकलवरून उतरलो,
वाकून
मागचं टायर दाबून पाहिलं.