बुटातला शेपू

लग्नाच्या सकाळी वोर्शाच्या आईनं
तिच्या डाव्या बुटात शेपू घातला, उजव्यात मोहरी.
"चर्चच्या पायऱ्या चढताना मनात म्हण,
घरात शब्द माझा चालेल."
दिवसभर टोचत राहिलं टाचेला,
नाचताना तर फारच.

श्प्रे नदी इथं फाट्याफाट्यांत हरवते,
टपालसुद्धा होडीतून येतं,
आणि दारोदारी शेपू. पेरत कोणी नाही,
गेल्या साली सांडला तिथून उगवतो.

त्याचं वोर्शाला काय करता येत नाही ते विचारा.
काकड्यांच्या पिंपात फुलोऱ्यासकट, देठासकट,
वर चेरीची पानं, मीठ, आणि दगड.
उकडलेला बटाटा, शेजारी चक्का,
जवसाच्या तेलाची पिवळी धार
आणि ही हिरवी चिमूट. माशाच्या रश्श्यातही.
पोट धरून रडणाऱ्या पोराला
बियांचं कोमट पाणी, चमच्यानं.
ओल्या बाळंतिणीलाही त्याच बिया,
म्हणजे आपल्या बाळंतशोपाच की!
एवढ्या लांब तिला कोणी सांगितलं कोण जाणे.
गोठ्याच्या दारावर एक जुडी उलटी टांगलेली,
गाईला नजर लागू नये म्हणून.
विश्वास नाही तिचा,
पण जुडी काढतही नाही.

बुटातला शेपू जरा जास्तच लागू पडला.
कितो चाळीस वर्षं बोललाच नाही.
"हो." "बरं." "होडी गळतेय."
ती भांडायची, तो काकड्या निवडायचा,
वाकड्या एकीकडे, सरळ एकीकडे.
अरे, एकदा तरी नाही म्हण, ती म्हणायची.
"बरं," तो म्हणायचा.

त्याची शवपेटीही होडीतूनच गेली.
झाकण लावायच्या आधी, सगळे बाहेर होते तेव्हा,
तिनं त्याच्या बुटांचे बंद सोडले.
डाव्यात शेपू. उजव्यात मोहरी.
घे, आता तुझा शब्द.
बंद पुन्हा बांधले, दुहेरी गाठ मारून.
ऑगस्ट होता, काकड्या कोणासाठी थांबत नाहीत,
दुपारी ती पिंपापाशी उभी.

पुढच्या जूनमध्ये कबरीवरच्या खडीतून
शेपू वर आला.
तिच्याच खिशातून सांडला असणार, दुसरं काय.
तण उपटणाऱ्या पोराचा तिनं हात धरला.
मग वाकून एक शेंडा खुडला, चोळला, हुंगला,
कान जरा वेळ तिथंच ठेवला.
"हं," म्हणाली,
आणि रात्रीच्या चक्क्यापुरता तोडून घेतला.