चौथी चौकट

फ्रीजवर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली
तिकीट.
एकशे दहा डॉलर. मुदत पंधरा दिवस.
आज अकरावा.

मागच्या बाजूला तीन चौकटी:
गुन्हा कबूल.
सरकारी वकिलाला भेटायचं आहे.
खटला चालवा.
पेन मी तिथेच दोऱ्याने बांधून ठेवलंय,
हरवलं ही सबब नको म्हणून.

माझा दीर पेंटी म्हणतो, लढ, आयली.
निम्म्या वेळा पोलीस येतच नाही,
तो आला नाही की तू सुटलीस.
पेंटी कागद गिरणीतला, युनियनचा माणूस.
बर्फाविरुद्धसुद्धा तक्रार गुदरेल.

लाँड्रीतली मार्लीन म्हणते, भर आणि मोकळी हो,
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
मी जाऊन पाहून आले.
पायरी नाहीच तिथे. रॅम्प आहे,
मीठ टाकून ठेवलेला.

विम्याची मुलगी फोनवर गोड बोलली:
आम्ही दोष नाही ठरवत, मॅडम,
टक्के ठरवतो.

घडलं ते एवढंच.
मार्च महिना, संध्याकाळचे सात दहा,
हॉस्पिटलच्या चादरींचा वास अजून बोटांना.
डावीकडे वळायचं होतं.
समोर सूर्य, काचेवर मिठाचे ओघळ,
आणि त्या उजेडाच्या पोटातून
एकदम एक गाडी.

दिवा पिवळा होता.
म्हणजे, पहिल्या रात्री पिवळा होता.
तिसऱ्या रात्री तो तांबूस व्हायला लागला.
काल तर मला स्पष्ट दिसलं,
पोराने पिवळा बघून वेग वाढवला.
ज्या उजेडात मला काहीच दिसलं नव्हतं
त्या उजेडात.

पोराचं नाव ट्रॅव्हिस मीकिस. उत्तरेकडच्या रिझर्व्हवरचा,
एकोणीस वर्षांचा, पिझ्झा पोचवतो.
स्वतःच्या गाडीकडे न बघता आधी माझ्या खिडकीशी आला,
लागलं नाही ना?
मी म्हटलं सॉरी. तो म्हणाला सॉरी.
इथे खांबाला धडकलं तरी खांबाला सॉरी म्हणतात,
त्याचा पुरावा होत नाही.

पोलीस आला तो थेट त्याच्याकडे गेला.
हात बाहेर. लायसन्स. गाडी कुणाची?
पुन्हा विचारलं, गाडी कुणाची?
मला त्याने घोंगडी आणून दिली.
मग टायरच्या खुणा मोजल्या,
आणि खुणांनी जे सांगितलं ते नाइलाजाने लिहून
तिकीट माझ्या हातात ठेवलं,
वर हळूच म्हणाला, कोर्टात जा तुम्ही.

जिंकेन मी.
का जिंकेन, तेही मला कळतंय.
बासष्ट वर्षं, पांढरे केस, चर्चचा कोट,
आणि समोर तो,
एका शिफ्टचे पैसे बुडवून आलेला,
गाडी कुणाची, याचं उत्तर तिसऱ्यांदा देत.

आणखी एक.
माझा उजवा हात तेव्हा स्टिअरिंगवर नव्हता.
शेजारच्या सीटवर अंड्यांचं खोकं घसरू लागलं होतं,
ते मी धरलं होतं.
हे कुणी विचारलं नाही.
बारा अंडी, एकही फुटलं नाही.
याला चौकट नाही.

रोज एक खाल्लं.
अकरा झाली.
शेवटचं आता पातेल्यात आहे,
भांड्याच्या बुडाशी हलकेच टकटक करतंय.

पाणी उकळायच्या आत
पहिल्या चौकटीत खूण केली.
यात थोर काही नाही.
विमा वाढेल, तीन वर्षं वाढलेला राहील,
त्याचं मला वाईट वाटतंय, चांगलंच वाटतंय.
आणि रविवारी सॉनामध्ये
पेंटी माझ्याशी एक शब्द बोलणार नाही,
तापल्या दगडांवर पाणी तेवढं
जरा जास्तच ओतेल.