रिकाम्या दांड्याचं वजन

कुपवाडच्या एमआयडीसीत, इलाही नदाफच्या शेडमध्ये
तीन मशिनी शेजारीशेजारी,
अजून रंग न लागलेल्या, वेल्डिंगच्या शिवणी उघड्या.
एक सपाट छातीची, एक वरच्या छातीची, एक खालच्या.
माझ्याकडे पैसे एकीचे,
जागा पाऊण एकीची.

विट्यात, मंडईच्या मागं, गाळा चौदा बाय सव्वीस.
मधोमध खांब.
भाड्याचा करार करताना तो खांब
कुणीच मध्ये आणला नव्हता.

इलाहीभाई म्हणतो, पिनवाली नका घेऊ.
केबल दीड वर्षात तुटती, पुली पुण्यासनं येती,
तोवर मशीनवर पोरं टॉवेल वाळत घालत्यात.
ही प्लेटवाली बघा. तुटायला हिच्यात हायच काय?
दोन दांडे, चार बेअरिंगा, आणि बसणाऱ्याची छाती.
प्लेटा तर तुमच्याकडं हाईतच की.

आहेत. दोनशे चाळीस किलो,
कडेगावातली एक जिम बंद पडली तिथून उचललेल्या,
एका वीसच्या प्लेटवर अजून कुणाचं तरी नाव खडूनं.

मी टेप काढतो.
मशीनची लांबी सगळेच मोजतात.
प्लेट चढवणाऱ्याच्या कोपराला दोन्हीकडं
दोन-दोन फूट लागतात, ते कुणी मोजत नाही,
मग खांबाला टेंगळं येतात. खांबाला, आणि कोपरालाही.

पोरांना वरच्या छातीची हवी.
टी-शर्टाच्या गळ्यातून तेवढीच दिसते.
पण अकरा ते एकच्या बॅचच्या कुंभार मॅडम,
पोस्टात आरडीचे हप्ते गोळा करतात,
त्यांनी विचारलं होतं,
सर, काहीच नाही लावलं, तरी ही किती किलोची?
मी हसलो होतो.
उत्तर येत नसलं की मी हसतो.

वडील सोबत आलेत. नको म्हटलं तरी.
तेहतीस वर्षं सेलममध्ये गलाई केलेला माणूस,
भट्टीपुढं बसून दुसऱ्याचं सोनं शुद्ध करत
तेजाबाचा पिवळा धूर आत घेतलेला.
त्यांनी वीसची प्लेट उचलली, तळहातावर क्षणभर तोलली,
म्हणाले, एकोणीस चारशे.
इलाहीभाईनं ताणकाट्याला लावली.
एकोणीस चारशे.
ओतकामात एवढं चालतंय, अण्णा.
सहाशे ग्रॅम? वडील म्हणाले,
आमच्या धंद्यात एवढ्यापायी खून पडत्यात.

मग कुणी काही म्हणायच्या आत
ते सपाट छातीच्या मशीनवर जाऊन बसले,
धोतराचा सोगा सावरून, चपला खाली नीट जोडून.
मुठी धरल्या. ढकललं.
उजवा दांडा गेला.
डावा अर्ध्यात थांबला.

ही मशीन दोन्ही हातांची वेगवेगळी.
एकाच दांडीवर उजवा डाव्याचं झाकून नेतो
आणि माणसाला वाटतं, आपण सरळ आहोत.
चिमटा आयुष्यभर उजव्यात होता.
डाव्यात नुसता रुमाल, नाकावर धरायला.

खोकला आला. तो पुरा होईपर्यंत
शेजारचा ग्राइंडरही बंद झाला.
मग म्हणाले, काय न लावता एकेक तेरा भरतोय.
काटा लागला. तेरा दोनशे.
ही दोनशे गेली बघ माझी नजर, असं म्हणून
स्वतःवरच रागावले.

मग मागं पासंग लावा की.
तागडीला लावतो तसा.
रिकामा दांडा रिकाम्यासारखा हलला पायजे.

इलाहीभाईनं डोक्याला खडू पुसला.
लावता येईल म्हणाला. बाराशे रुपये जादा.
चार किलोवर आणतो.
मी हो म्हटलं, सपाटच,
आणि फ्रेमवर जिथं सगळे वाघ काढून घेतात
तिथं लिहायला सांगितलं, रिकामी, बाजूला चार किलो.
कुंभार मॅडमना वाचता येईल अशा अक्षरात.

रंग कोणता, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, थांबा जरा.

वडील अजून बसलेले होते.
उजवा हात मांडीवर ठेवून
डावा एकटाच पुढं नेत होते, हळू,
भट्टीतून मूस काढतात तसा,
एक थेंब सांडू न देता.