कटती

फैजपुरात केळीच्या काट्यावर
चाळीस वर्षं वजनं लिहिली अप्पांनी.
आता दर सोमवारी मी त्यांना काट्यावर उभं करते,
बगलेत हात देऊन.
ते वाकून आकडा बघतात आणि म्हणतात,
"हात काढ व. आधारानं माप खोटं येतं."
काढते.
बेचाळीस.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी फाइल मिटली,
खुर्ची पुढे ओढली,
आणि माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून विचारलं,
"तुम्हाला काय काय नकोय?"

यादी व्हायला आठवडा लागला.
जुन्याच वहीत केली, रकाने आधीच आखलेले:
माल, वजन, कटती, निव्वळ.
कटतीखाली त्यांनी लिहवून घेतलं,
नळी नको. मशीन नको.
मुंबई नको, "तिथून मी खोक्यात येईन."
टीव्ही नको, पंख्याचा आवाज चालेल.
सोसायटीचे अठराशे द्यायचे आहेत.
मग आई पाण्याला गेल्यावर, हळू,
तुझ्या आईला अंधारात एकटं ठेवू नको.
ती कबूल करणार नाही.

हेमचंद्र पुण्याहून म्हणाला, अजून एक केमो देऊन बघू.
अप्पांनी फोन मागितला.
"गाडी भरली, पावती फाडली.
मंग भाव नाही करत, भाऊ."
तिकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग त्यानं विचारलं,
गादी कोणती घेऊ, हवेची की पाण्याची?

मॉर्फिनच्या वेळा वजनाच्या रकान्यात.
सहा, दहा, दोन, पुन्हा सहा.
सही करायला लाजणारी आई
रात्री दोनची गोळी स्वतः देते
आणि पुढे एक उभी रेघ ओढते.

काल त्यांना भरीत हवं होतं.
खायला नाही, वासाला.
आईनं अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या,
वांगी बामणोदचीच आणली.
रमजान तडवी, हमालीतला जुना सोबती,
खाट एकट्यानं दारापर्यंत ओढून गेला,
म्हणाला, काहीच वजन नाही,
आणि गमछा तोंडाला लावून उभा राहिला.
वांग्यांची सालं तडकली.
अप्पांनी डोळे मिटूनच सांगितलं,
"मीठ कमी पडेल आज."

पहाटे कूस बदलताना
माझा हात त्यांच्या पाठीखाली अडकला.
हात काढ, म्हणाले नाहीत.
दिवस उजाडेपर्यंत मुंग्या आल्या होत्या बोटांना.
वहीत दोनसमोर आईची रेघ होती,
जरा तिरकी.